वस्तऱ्याचा हात

"मास्तर, मान वर," शामूअण्णा म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी उजव्या दंडावरचा पट्टा जरा सारखा केला.

मी मान वर केली. समोर आरसा नव्हता, कारण कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये आरसा असायचं काही कारण नव्हतं. समोर प्रकल्पाला पुढचा निधी द्यायचा की नाही ते ठरवायला पुण्याहून आलेली तीन जणांची समिती होती. समितीच्या बाजूला आमचे विभागप्रमुख हेर्लेकर सर, कुणीही काही विचारलं तरी हसायच्या तयारीत. त्यांच्यामागे साठ-सत्तर विद्यार्थी, मोबाइल उंचावून. माझ्या गळ्याभोवती पांढरं कापड होतं, गालांवर फेस होता आणि उजव्या बाजूनं वस्तरा येत होता. वस्तरा शामूअण्णांच्या हातात होता. शामूअण्णांचा हात मी बनवलेल्या यंत्रात होता.

पूल बांधणाऱ्याला उद्घाटनाच्या दिवशी पुलाखाली उभं करत नाहीत. विमान बनवणारे स्वतः बहुधा रेल्वेनंच जातात. आपण केलेल्या वस्तूवर आपला किती विश्वास आहे, हे थेट गळ्यापाशी मोजायची वेळ फार थोड्या अभियंत्यांवर येते. माझ्यावर ती सोळा वर्षांपूर्वी आली, एका शनिवारी, सकाळी साडेअकराला.

तेव्हा मी चौतिशीत होतो आणि कोल्हापूरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मेकॅनिकलला शिकवत होतो. अपघातानंतर आखडलेलं कोपर मोकळं करणारं, हातावर बांधायचं यंत्र तयार करणं हा आमचा प्रकल्प. दंडाला एक पट्टा, मनगटाला एक, मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या आणि कोपरापाशी मोटर. माणसानं हात वाकवायचा प्रयत्न केला की यंत्राला ते कळायचं आणि कमी पडलेला जोर ते लावायचं. परदेशात अशी यंत्रं होती. ती आम्ही चित्रात पाहिली होती. मग आम्ही उद्यमनगरात गेलो. तिथल्या गल्ल्यांमध्ये घरटी एक लेथ आहे आणि काय पाहिजे ते कागदावर काढून दाखवलं तर चहा होईपर्यंत कातून मिळतं. मोटर एका जुन्या मोटारगाडीच्या वायपरची घेतली. यंत्राला 'बाहुमित्र' हे नाव ठरवायला विभागाच्या दोन बैठका झाल्या. पोरं त्याला 'वायपर' म्हणायची. त्याला बैठक लागली नाही.

बाहुमित्राला दोन खोडी होत्या. एक, तो चालू असताना सतत सुपारी कातरल्यासारखा आवाज करायचा. तो आवाज मी अकरा महिने ऐकत होतो. घरी बायको खरोखरची सुपारी कातरायला बसली तरी मी दचकायचो. दुसरी खोड जास्त वाईट. हात काटकोनाच्या जरा पुढे वाकला की यंत्र एक झटका द्यायचं. मोठा नाही, बोटभर. गिअरच्या दात्यांत किंचित ढिलेपणा होता आणि मी काहीही केलं तरी तो जात नव्हता.

मी हेर्लेकर सरांना सांगितलं होतं.

"बोटभर झटका म्हणजे काय हो सांगवडेकर," ते म्हणाले होते, "तुम्ही एसटीनं जात नाही का कधी?"

फिजिओथेरपीच्या बाजूनं आमच्याबरोबर डॉ. वैजयंती मगदूम होत्या. रोग्याला कमी आणि इंजिनिअरला जास्त रागावणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की दंडावर, डाव्या हाताला सहज सापडेल असं एक लाल बटण पाहिजे. ते दाबलं की मोटर हातापासून सुटली पाहिजे आणि हात मोकळा झाला पाहिजे.

"मग यंत्र काय करणार, मॅडम?" मी विचारलं.

"काही नाही. मग ती नुसती वाकी. पावणेदोन किलोची."

आम्ही बटण बसवलं.

शामूअण्णा म्हणजे शामराव टिपुगडे. मंगळवार पेठेत त्यांचं आणि धाकट्या भावाचं सलून होतं, तीन खुर्च्यांचं. पहाटे दूध आणायला गेले असताना गंगावेशीत एका म्हशीला चुकवताना एम-एटीवरून पडले आणि उजवं कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकोनात अडकलेला. पुढे वाकेना, मागे सरळ होईना. "कुणी रस्ता इचारला तर बरं पडतंय," ते म्हणायचे, "हात आधीच वळणावर हाय." वय सत्तावन्न. मगदूम मॅडमनी त्यांना आमच्याकडे आणलं आणि चार महिने, रोज दुपारी सलूनमध्ये गर्दी नसते त्या वेळी, ते चाळीस मिनिटं बाहुमित्र बांधून बसले.

पहिल्या दिवशी त्यांनी बटणाकडे बोट दाखवलं. "हे लाल कशाला?"

"काही झालं तर दाबायचं. हात सुटतो."

"कुणी दाबायचं?"

"तुम्ही. डाव्या हातानं."

"बरं झालं. मला वाटलं ते बी हेर्लेकर सायबास्नी अर्ज करून दाबायचं."

समितीपुढच्या प्रात्यक्षिकात मूळ बेत असा होता, की अण्णांनी यंत्र बांधून पेला उचलायचा आणि पाणी प्यायचं. झटका बसला तर थोडं पाणी सांडेल, समिती समजून घेईल. अण्णांना बेत सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाले, "एवढ्या लोकांच्या पुढं पाणी पिऊन दाखवाय मी काय कावळा हाय?"

"मग?"

"दाढी करतो. मला तेच येतंय."

मी नको म्हणालो. हेर्लेकर सर मात्र खुर्चीतून उठलेच. "सामाजिक परिणाम!" ते म्हणाले. "सांगवडेकर, पाणी कुणीही पितं. हा माणूस आपल्या धंद्यावर परत आला, हे दिसलं पाहिजे समितीला."

अण्णांना समितीशी काही घेणं नव्हतं. त्यांचं काम निराळं होतं आणि ते त्यांनी मला आदल्या आठवड्यातच सांगितलं होतं. त्यांच्या दुकानात पहिली खुर्ची, म्हणजे दाराजवळची, सेना महाराजांच्या फोटोखालची, ही थोरल्या कारागिराची. वडील होते तोवर वडिलांची, नंतर अण्णांची. अपघातानंतर तिथं धाकटा भाऊ बापू उभा राहायला लागला. बापू काही वाईट माणूस नव्हता. पण बावीस वर्षं दुसऱ्या खुर्चीवर काढलेल्या माणसाला पहिली मिळाली, की तो ती सोडायची घाई करत नाही. महिनाभरापासून अण्णांचं कोपर चांगलं वाकत होतं. तरी कुणी गिऱ्हाईक त्यांच्याकडे मान देईना. "अण्णा, आता आराम करा," म्हणत आणि बापूच्या खुर्चीत बसत. अण्णा बाकावर बसून पेपर वाचत. घरी विषय निघाला तेव्हा बापूनं चार नातेवाइकांसमोर सांगितलं होतं, "दादा, बाहेरच्या एका माणसानं चार लोकांच्या देखत तुझ्या वस्तऱ्याखाली मान दिली, की त्या दिवशी खुर्ची सोडतो. घरचा नको. बाहेरचा."

आता प्रश्न एवढाच होता, की तो बाहेरचा माणूस कोण.

हेर्लेकर सरांनी विद्यार्थ्यांमधून स्वयंसेवक मागवला. बातमी वसतिगृहात पोचली आणि दुसऱ्या दिवशी विभागात दाढी करण्याजोगा एकही गाल उरला नाही. निम्मे गुळगुळीत होऊन आले. उरलेल्यांनी दाढी नवसाची असल्याचं सांगितलं. एकाची जोतिबाची, दुसऱ्याची आजीच्या डोळ्यांसाठी आणि तिघांची मशीन डिझाइनच्या पेपरसाठी. सर स्वतः त्या आठवड्यात दोन-दोन वेळा दाढी करत असावेत. त्यांच्या गालांवर दिव्याचा उजेड पडायचा.

"यंत्र कुणी केलंय?" शामूअण्णांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग मास्तरच बसत्याल की."

नाही म्हणायचं तर झटक्याबद्दल समितीसमोर सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो. शुक्रवारी निघताना अण्णांना बाजूला घेऊन म्हणालो, "अण्णा, काटकोनाच्या पुढे तो झटका…"

"म्हाईत हाय."

"गळ्याशी येताना हात जरा…"

"मास्तर, चार महिनं मी घालतोय ते. तुम्ही घातलंय का कधी चार महिनं?"

"नाही."

"मग गप बसा. उद्या एक सांभाळा. दाढी चालू असताना बोलायचं न्हाई. हलायचं तर न्हाईच, पर बोलायचं बी न्हाई. बोलायचं काम आमचं."

तर शनिवारी साडेअकराला मी मान वर केली.

पहिला हात गालफडावरून खाली आला. डाव्या हाताची दोन बोटं कानापाशी कातडं ताणून धरत होती आणि वस्तरा फेस पुसल्यासारखा सरकत होता. मी डोळे मिटून झटक्याची वाट पाहत होतो. अंश मोजत होतो. गालाला सत्तर, जबड्याच्या कोपऱ्याला पंचाऐंशी, हनुवटीखाली पंच्याण्णव. पंच्याण्णव आले. वस्तरा गळ्याच्या घाटीवरून वर गेला. झटका बसला नाही.

पुन्हा एकदा खालून वर. नाही.

अण्णा बोलत होते. समितीच्या अध्यक्षांना कोल्हापूरच्या पाण्यानं दाढी कशी मऊ होते ते सांगत होते. मला ते स्वच्छ ऐकू येत होतं. ते इतकं स्वच्छ ऐकू येतंय, यात काहीतरी चुकतंय, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

सुपारी कातरली जात नव्हती.

मी डावा डोळा उघडला. मान न हलवता जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. अण्णांच्या दंडावर, पट्ट्याशेजारी, लाल बटण आत दाबलेलं होतं.

मोटर बंद होती. माझ्या गळ्यावरून फिरत होता तो शामराव टिपुगड्यांचा स्वतःचा हात, पावणेदोन किलोची वाकी घालून.

अण्णांनी माझ्या उघड्या डोळ्याकडे पाहिलं. वस्तरा थांबवला नाही.

"डोळा मिटा मास्तर," ते म्हणाले. "फेस जाईल."

दाढी झाली. एक थेंब रक्त नाही. तुरटी फिरली, गाल झणझणले आणि टाळ्या पडल्या. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हेर्लेकर सरांनी माझ्या गालावरून स्वतःचा हात फिरवला आणि तो समितीला दाखवला, जणू गुळगुळीतपणा त्यांच्या तळव्याला चिकटून आला होता.

मग पडद्यावर आलेख लावला. यंत्र हाताचा कोन आणि मोटरचा जोर अशा दोन्ही गोष्टी टिपून लॅपटॉपला पाठवत असे; बटण दाबलं तरी टिपणं थांबत नसे. कोनाची लाल रेघ सुरेख होती. पंचगंगेच्या पुराच्या बातमीत दाखवतात तशी, चढत, उतरत, पुन्हा चढत. त्याखाली मोटरच्या जोराची निळी रेघ. ती तळाशी सरळ पडून होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

समितीचे अध्यक्ष डॉ. गोगटे चष्मा वर करून पडद्याजवळ गेले. "मोटरवर भार शून्य?"

मला वाटलं, संपलं. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं.

"सर, तोच आमचा विशेष आहे," हेर्लेकर सर म्हणाले. एक क्षणही न थांबता म्हणाले. पंचवीस वर्षं विभाग सांभाळलेल्या माणसाचं ते कौशल्य होतं. "यंत्र आणि रुग्ण इतके एकरूप झाले आहेत, की यंत्राला जोर लावावाच लागत नाही."

डॉ. गोगटे आलेखाकडे पाहत राहिले. "म्हणजे अद्वैतच की हो."

"अगदी तेच, सर."

"यंत्र तुम्ही केलंत ना?" डॉ. गोगट्यांनी माझ्याकडे वळून विचारलं. "तुमचं काय निरीक्षण?"

डॉ. मगदूम पहिल्या रांगेत होत्या. शामूअण्णा वस्तरा पुसून पेटीत ठेवत होते. त्यांचा हात थांबला. बटण अजून आतच होतं. कुणीही दोन पावलं पुढे येऊन पाहिलं असतं तरी दिसलं असतं. पण सगळे पडदा पाहत होते.

"आकडे तसं दाखवतात, सर," मी म्हणालो.

अण्णांनी पेटी बंद केली.

एका स्थानिक पेपरचा वार्ताहर त्यांच्याजवळ गेला. "आजोबा, यंत्रानं दाढी करताना कसं वाटलं?"

"मास्तरास्नी इचारा," अण्णा म्हणाले. "त्येंनी बनवलंय. त्येस्नी सगळं म्हाईत हाय."

व्हरांड्यात मगदूम मॅडमनी मला गाठलं. त्यांना बटण दिसलं होतं.

"चार महिन्यांपूर्वी हा हात नव्वदवर अडकला होता," त्या म्हणाल्या. "आज हा माणूस पावणेदोन किलो वजन बांधून पूर्ण दाढी करतो. मला आयुष्यात मिळालेला हा सगळ्यात चांगला निकाल आहे. आणि तुम्ही तो अद्वैतात घालवलात."

"मॅडम, मोटर बंद होती असं सांगितलं तर प्रकल्प…"

"बंद करता येते म्हणूनच तर तो प्रकल्प आहे. यंत्र लागेनासं व्हावं, हेच यंत्राचं काम." पर्स खांद्याला लावून त्या निघाल्या. चार पावलं जाऊन थांबल्या. "मी सांगणार नाही. यंत्र तुमचं आहे. मानही तुमचीच होती."

रविवारच्या पेपरात चौथ्या पानावर फोटो होता. फेसातला मी, शेजारी यंत्र. अण्णांचा चेहरा चौकटीबाहेर गेला होता; कोपर तेवढं आलं होतं. मथळा होता: 'यंत्रहाताने केली दाढी, प्राध्यापक सुखरूप'.

आई म्हणाली, "सुखरूप म्हटलंय ते बरं केलं."

मी चहा अर्धा टाकून मंगळवार पेठेत गेलो.

रविवारी सकाळी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तशी ती नव्हती. पहिल्या खुर्चीवर बापू कुणाची तरी कटिंग करत होता. दुसऱ्या खुर्चीवर त्यांचा एक कारागीर; तिसरी अण्णा पडल्यापासून रिकामी. बाकावर पाच-सहा गिऱ्हाइकं दाटीनं बसली होती आणि टोकाला शामूअण्णा. मांडीवर पेपर. यंत्र नाही, हात मोकळा.

"या, सुखरूप प्राध्यापक," बाकावरून कुणीतरी म्हणालं. मोडक्या कानांचे एक जुने पैलवान होते, आंडेकर नावाचे. "यंत्र कुठाय? मी माझा गुडघा घिऊन आलोय."

सगळे हसले. अण्णाही थोडं हसले. मला बसायला सरकून जागा दिली.

"अण्णा," मी हळू आवाजात म्हणालो, "काल बटण का दाबलंत?"

त्यांनी पेपरची घडी केली. "वस्तरा हातात असला, की न्हाव्याचा हात कुणी धरायचा नसतो. बायकोनं न्हाई, पोरानं न्हाई. दुकानात साप निघाला तरी न्हाई. बापानं पयल्या दिवशी शिकवलंय. तुमचं यंत्र हात धरतंय."

"मग चार महिने कशाला धरू दिलात?"

"तवा वस्तरा न्हवता की हातात." ते माझ्याकडे असे बघत होते, की मास्तर असूनही हे कसं कळत नाही. "त्येनं वाकवलं म्हणून तर वाकलं कोपर. मी काय नाव ठेवलं का त्येला?"

"मग आज तुम्ही इथं बाकावर का?"

अण्णांनी हनुवटीनं भावाकडे खूण केली.

बापू आरशातून आमच्याकडेच बघत होता. कात्री चालू ठेवून म्हणाला, "सर, राग मानू नका. मी शब्दाचा पक्का हाय. बाहेरच्या माणसानं मान दिली तर खुर्ची सोडतो म्हणालो हुतो. पर तुम्ही मान दिली ती यंत्राला. दादाला न्हाई. पेपरात छापून आलंय." त्यानं मान झटकली. "आता गिऱ्हाइकं इचाराय लागली, यंत्र न्हाई तर अण्णा काय करणार? सकाळपासनं सात जणांनी इचारलं."

"आठ," आंडेकर पैलवान म्हणाले. "मला धरलं न्हाईस तू."

बापूचं म्हणणं तर्काला धरून होतं. अण्णांनी स्वतःहून सांगितलं असतं, की मी बटण दाबलं होतं, तर कोण मानणार होतं? यंत्र बनवणाऱ्यानंच चारचौघांत उलट सांगितलं होतं. आकडे तसं दाखवतात म्हणून.

बापूच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक उठलं, मानेवरचे केस झटकून घेऊन निघालं. नंबर पैलवानांचा होता. मी त्यांच्या आधी जाऊन पहिल्या खुर्चीत बसलो.

"ओ मास्तर, नंबर हाय," पैलवान म्हणाले.

"दाढी," मी म्हणालो. "अण्णांकडून."

"काल तर झाली की," बापू म्हणाला.

झाली होती. चोवीस तासांत माझ्या गालावर जे काही उगवलं होतं, ते भिंगातून पाहिलं तरच दिसलं असतं. तरी मी मान मागे टेकली. सेना महाराजांच्या फोटोची चौकट डोक्यावर आली.

बापू हातात कापड घेऊन उभा राहिला. आरशात बाकावरचे सगळे चेहरे दिसत होते. शामूअण्णा उठले. पेपर बाकावर ठेवला, जागा धरल्यासारखा. भावाच्या हातातून कापड घेतलं आणि माझ्या गळ्याभोवती बांधलं. ब्रश फिरवला. नवं ब्लेड अर्धं मोडून वस्तऱ्यात घातलं आणि बाही कोपराच्या वर सारली. कोपरावर शस्त्रक्रियेचा व्रण होता, पांढुरका, वाकडा. तो मी चार महिने पाहत होतो. दुकानातल्या माणसांनी तो पहिल्यांदा पाहिला.

"मान वर."

मी मान वर केली. वस्तरा डाव्या गालावरून उतरला, मग उजव्या. हात काटकोनाच्या पुढे गेला आणि तसाच पुढे गेला. बाकावरून आवाज नाही. खुर्चीत माणूस नवा असो की जुना, कोल्हापुरात रविवारी सलूनमध्ये एवढी शांतता मी तरी ऐकलेली नाही. सगळे दाढी पाहत होते. पण मला माहीत होतं, की ही दाढी संपली की कुणीतरी म्हणणारच, यंत्राची सवय लागलीय हाताला, आज जमलं, उद्याचं काय. वस्तरा हनुवटीखाली आला होता.

"काल यंत्र बंद होतं," मी मोठ्यानं म्हणालो.

अण्णांचा हात थांबला, पण बोटभर उशिरा. हनुवटीखाली गार काहीतरी सरकलं आणि मग गरम वाटलं.

"बोलू नका म्हणून सांगितलं हुतं," अण्णा म्हणाले.

"काल मोटर बंद होती," मी छताकडे बघत म्हणालो. आता बोलायला सुरुवात केलीच होती. "त्यांनी स्वतः बटण दाबलं होतं. मी बघितलं. दाढी यांनी केली, हातानं. यंत्र नुसतं बांधलं होतं. मला समितीनं विचारलं आणि मी खोटं बोललो."

तुरटी लागली. मला दिसत नव्हतं, पण अण्णा ती लागते त्यापेक्षा जास्त जोरानं दाबत होते.

"रगात आलं की दादा," बापू म्हणाला.

"ते बोलले म्हणून आलं," आंडेकर पैलवान बाकावरून म्हणाले. "त्यात अण्णाचा काय दोष? मी बघिटलं की. हात कसा चालला हुता, लोण्यागत." ते उठले, गुडघ्यावर हात देऊन. "मास्तर, उठा आता. नंबर माझा हाय." आणि बापूकडे न बघता म्हणाले, "अण्णा, डोक्यावरनं वस्तरा फिरवा. सगळं काढा."

बापू थोडा वेळ उभा राहिला. मग आरशासमोरचा आपला कंगवा उचलला, कात्री उचलली, पावडरचा डबा उचलला आणि दुसऱ्या खुर्चीकडे गेला. तिथल्या कारागिराला म्हणाला, "सरक तिसरीवर." काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

सलूनमध्ये बोललेली गोष्ट कोल्हापुरात किती वेगानं फिरते, याचा अभ्यास आमच्या विभागानं करायला हरकत नव्हती. सोमवारी दहा वाजता मला हेर्लेकर सरांनी बोलावलं. टेबलावर कालचा पेपर होता. ते माझ्या हनुवटीखालच्या पट्टीकडे बघत राहिले.

"हे काय झालं?"

"दाढी चालू असताना बोललो, सर."

"काय बोललात तेही आलंय माझ्यापर्यंत. तीन ठिकाणांहून." त्यांनी पेपरची घडी घातली. "सांगवडेकर, सलूनमधली चर्चा हा शास्त्रीय पुरावा नसतो."

"समितीला मी पत्र लिहिलंय, सर. सकाळी टाकलं."

पेपर त्यांनी खणात टाकला. हसले नाहीत.

पत्राचं उत्तर कधी आलं नाही. निधी आला. पत्र ज्या फाइलीत लागलं, ती बहुधा वेगळी असावी. निधी अधिक ताकदीच्या मोटरसाठी होता आणि तीन वर्षं विभागानं अधिक ताकदीची मोटर बनवली. त्यात माझं नाव नव्हतं. मला वेळापत्रक समितीवर घेतलं होतं. मी आणि मगदूम मॅडमनी संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात बसून जुनं यंत्र तेवढं दुरुस्त केलं. त्याला एक चकती बसवली. मॅडम दर आठवड्याला ती एक घर मागे फिरवत आणि मोटर तेवढी कमी मदत करी. बाराव्या आठवड्याला चकती शून्यावर. आजपर्यंत एकोणचाळीस माणसं त्या शून्यावर आली आहेत. मोटर तीच, वायपरची. झटका अजून आहे.

मी दर रविवारी मंगळवार पेठेत जातो. शामूअण्णा आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि पहिल्या खुर्चीशी उभे राहतात. बापू दुसऱ्या. गेल्या महिन्यात अण्णांनी वस्तरा उघडला तेव्हा त्याचं टोक किंचित हललं. बोटभर नाही, केसभर. बापूनं दुसऱ्या आरशातून पाहिलं. मीही पाहिलं. आमची नजर आरशातच भेटली आणि बापूनं ती काढून घेतली.

"मान वर, मास्तर," अण्णा म्हणाले.

मी मान वर केली आणि काही बोललो नाही.